संक्रांतीच्या वाणाला करमळं

अँटिऑक्सिडंट हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो एका निळ्या ड्रमवर. अंबरनाथच्या एमआयडीसीत रबराचे पाइप आणि वॉशर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. रबर उन्हावाऱ्यानं कडक होऊन तडकू नये म्हणून त्यात एक तपकिरी भुकटी घालत. तिचं नाव अँटिऑक्सिडंट. ड्रमवर लिहिलेलं असायचं की हातमोजे घालून हाताळा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, पोटात गेल्यास ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. नोकरी संपेपर्यंत त्या शब्दाशी माझा एवढाच संबंध होता आणि तो मला पुरेसा वाटत होता.

निवृत्त झालो आणि तोच शब्द माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून ऐकला. मी बदलापूरला तिच्याकडे गेलो होतो. दार उघडलं तेच स्टीलचा पेला पुढे करून. पेल्यात जांभळट, दाट, वर फेस आलेलं काहीतरी होतं.

"पी. अँटिऑक्सिडंट आहेत यात."

"हातमोजे कुठे आहेत?" मी विचारलं.

तिला विनोद कळला नाही. ताईला माझे विनोद लहानपणापासून कळत नाहीत, कारण ती ते ऐकतच नाही. ती शाळेत इतिहास-भूगोल शिकवायची. निवृत्तीनंतर समोर वर्ग उरला नाही, पण शिकवायची खोड कुठे जाते? जो समोर येईल तो विद्यार्थी. अँथोसायनिन, फ्लॅव्होनॉइड, पॉलिफेनॉल ही नावं ती एखाद्या घराण्याची वंशावळ सांगावी तशी न अडखळता सांगायची. कोण कोणाच्या पोटातलं, कोण कुठल्या फळात राहतं, कोणाचं कोणाशी वैर आहे. ही सगळी विद्या तिला सकाळच्या मोबाइलमधून मिळे आणि दुपारपर्यंत ती आमच्या गळी उतरवलेली असे.

ती राहते ती जागा आधी सांगितली पाहिजे, म्हणजे माझा राग समजेल. बदलापूर पूर्वेला एका टेकडीच्या पायथ्याशी सात-आठ उंच इमारती उभ्या आहेत. बिल्डरनं त्या वसाहतीला कुठल्याशा परदेशी शहराचं नाव दिलंय, जे तिथल्या रिक्षावाल्यांना उच्चारता येत नाही आणि राहणाऱ्यांना लिहिता येत नाही. आमच्या लहानपणी ती सगळी टेकडी करवंदांच्या जाळ्यांनी भरलेली होती. मे महिन्यात अंबरनाथहून आम्ही भावंडं चालत तिकडे जायचो आणि हातापायांवर ओरखडे घेऊन, जिभा काळ्या करून परत यायचो. त्या जाळ्या मुळापासून उपटून इमारती बांधल्या. आता त्याच इमारतींतली माणसं रविवारी गाड्या काढून दूर डोंगरात 'रानमेवा सहली'ला जातात, करवंद कसं दिसतं ते बघायला. पैसे भरून जातात, डोक्याला टोप्या घालून जातात, आणि काट्यात हात घालायला सोबत एक स्थानिक माणूस नेतात. ह्या सहलीची प्रमुख आमची ताई.

बदलापूर स्टेशनबाहेर डोंगरपाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. करवंदं, जांभळं, तोरणं, कधी अळूची फळं. पानाच्या द्रोणात मूठभर घालून देतात. ह्या सहलवाल्या मंडळीतल्या एकीला मी स्वतःच्या कानांनी विचारताना ऐकलं, "मावशी, हे ऑरगॅनिक आहे ना?" मावशी म्हणाली, "व्हय, सकालचीच हायेत." आणि गिऱ्हाईक ओळखून तिनं भाव वाढवला. मला त्याचा फार आनंद झाला.

खरं सांगायचं तर फळांशी माझं काही भांडण नाही. जांभळाचा, करवंदाचा तो गर्द रंग, आवळ्याचा तुरटपणा, कोकमाच्या सालीची ती जीभ आवळणारी आंबट चव, ह्या सगळ्यात शरीराला उपकारक द्रव्यं असतात, हे मी अमान्य करत नाही. झाड ती स्वतःसाठी बनवतं. ऊन सोसायला, किडा दूर ठेवायला. त्यातलं थोडं आपल्या वाट्याला येतं. आम्ही ते खाल्लं, भरपूर खाल्लं, पण त्या-त्या दिवसांत, हातात मावेल तेवढं आणि दुसऱ्या फळाची पाळी येईपर्यंत. सालीसकट, चोथ्यासकट, कधीकधी किड्यासकटही. ताईच्या घरी काय चाले? फळ मिक्सरमधून काढायचं, चोथा गाळून फेकायचा, रस फ्रिजरमध्ये ठोकळे करून गोठवायचा आणि वर्षभर रोज सकाळी उपाशीपोटी प्यायचा. ज्या फळाला निसर्गानं वर्षातले चार आठवडे दिले, त्याला तिनं हजेरीपटावर घेतलं.

आणि पिणार कोण? ती स्वतः चमचाभर चाखायची, पण पेला असायचा भाऊजींचा.

आमचे भाऊजी एका कारखान्यात फोरमन होते. शंभर माणसांना आवाज न चढवता कामाला लावणारा हा गृहस्थ घरात मात्र आवाजच काढत नाही. ताई म्हणेल ते, ताई वाढेल ते. त्यांना मधुमेह जुना आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं थोडी अशक्त झालीत, जपलं पाहिजे. मीठ कमी, केळं बंद, नारळपाणी बंद, आणि मनानं कुठलीही औषधं घ्यायची नाहीत. हे ऐकून ताईचा चेहरा उतरला होता. परतताना रिक्षात ती सगळा वेळ भाऊजींचं मनगट धरून बसली होती. तिला नवऱ्याला वाचवायचं होतं. हे मी लिहितोय, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात ते कुठे हरवायला नको.

पण वाचवायचं म्हणजे ऐकायचं, हे तिला कोण सांगणार? मनानं औषधं घ्यायची नाहीत, याचा तिनं अर्थ काढला की औषधं वाईट, म्हणजे फळं चांगली. केळं बंद आहे ना, मग केळं नाही. बाकी सगळं खुलं. उन्हाळ्यात करवंद झालं, पावसाच्या तोंडाशी जांभूळ झालं, पुढे आवळा झाला. भाऊजी डोळे मिटून पेला रिकामा करत आणि मग बराच वेळ दात आंबल्यासारखे बसून राहत. मी म्हणायचो, "अगं, विचार तरी डॉक्टरांना." ती म्हणायची, "फळ खाऊ का, हे विचारायचं? हसतील मला. आणि तू रबराच्या गोदामातला, तुला काय कळतं?"

 मला खरोखरच काही कळत नव्हतं. मला फक्त राग येत होता, आणि रागाला कोणी पुरावा मानत नाही.

मग हिवाळ्यात तिला करमळांचा शोध लागला.

त्यांच्या कंपाउंडात, पाण्याच्या टाकीमागे करमळाचं झाड आहे. बिल्डरनं शोभेसाठी लावलेलं. पाच धारांचं, पिवळं, मेणचट फळ. आडवं कापलं की चांदणी दिसते. बाजारात हल्ली स्टार फ्रूट म्हणून डब्यात घालून विकतात. त्या वसाहतीत त्याला कोणी हुंगत नव्हतं. खाली सडा पडायचा, पोरं चेंडूसारखी मारायची, झाडूवाला वैतागायचा. एके दिवशी ताईच्या मोबाइलवर त्याचे गुण आले आणि त्या झाडाचं भाग्य उजळलं. तिनं वॉचमनला सांगून पोरांचं फळं लाथाडणं बंद करवलं आणि स्वतःच टोपली लावून बसली.

"बघ, दारात सोनं होतं आणि आपण पायदळी तुडवत होतो," ती मला फोनवर म्हणाली. "सी व्हिटॅमिन आहे, क्वेरसेटिन आहे, गॅलिक ॲसिड आहे, साखर नाही म्हटली तरी चालेल. डायबेटिसला तर वरदान. आणि आपल्या कंपाउंडातलं, फवारणी नाही, काही नाही. एकदम घरचं."

एकदम घरचं. आमच्या लोकांना या एका शब्दानं किती फसवलंय, त्याचा हिशेब कोणी करत नाही. घरचं म्हटलं की तपासायचं नाही. घरचं तूप कितीही खा, घरचं लोणचं बाधत नाही, घरच्या झाडाचं फळ तर प्रसादच. बाहेरून आलेल्या गोळीवर दहा प्रश्न विचारणारी माझी बहीण टाकीमागच्या झाडाला एकही प्रश्न विचारत नव्हती.

इथपर्यंत सगळा नुसता वेडेपणा होता. पुढे संक्रांत आली.

ताईचं हळदीकुंकू दरवर्षी मोठं असतं. शाळेतल्या जुन्या सहकारी, इमारतीतल्या बायका, अंबरनाथ-उल्हासनगरच्या ओळखीच्या. वाण म्हणून बायका काय-काय लुटतात ते मी आयुष्यभर पाहिलंय: प्लास्टिकचे डबे, गाळण्या, कुंकवाचे करंडे, त्याच गाळण्या पुढच्या वर्षी दुसऱ्या घरून परत. ताईनं ठरवलं, यंदा आरोग्याचं वाण. प्रत्येकीला कापडी पिशवीत चार करमळं आणि रसाची एक छोटी बाटली. कल्पना ऐकून माझी बायको मला म्हणाली, "तुम्ही तिथं काही बोलू नका." मी म्हटलं, मी बोललो तरी ऐकतंय कोण?

आम्ही दुपारीच पोहोचलो. ओट्यावर पातेली, बाटल्या, करमळांचा ढीग. ताई सकाळपासून रस काढत होती. कधी मीठ घालून पाही, कधी गूळ, कधी आलं. आणि प्रत्येक घाण्याची चव बघायला भाऊजी. तिनं हाक मारायची, त्यांनी यायचं, वाटीभर प्यायचं, मान हलवायची, आणि परत जायचं. स्वतः ती उपाशी होती. वाण दिल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही हा तिचा नेम. त्यामुळे चव बघायला दुसरं कोणीच नव्हतं. मी बघायला गेलो तेव्हा भाऊजी आतल्या खोलीत पलंगावर बसले होते आणि त्यांना उचकी लागली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाला की थोडा वेळ," ते म्हणाले. उचकी. "थांबेल."

थांबली नाही. संध्याकाळी बायका जमल्या. जरीच्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली एक नवी सून, तिळगुळाचे वाटप, गजऱ्यांचा वास. आणि मधूनमधून आतून ती उचकी. आधी सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एकीनं हसून विचारलं, "काय हो, कोण आठवण काढतंय साहेबांची?"

झालं. खेळ सुरू झाला. आमच्याकडे उचकी लागली की माणसं नावं घेतात. ज्यानं आठवण काढली त्याचं नाव निघालं की उचकी थांबते म्हणे. दिवाणखान्यातून एकेक नातं आत यायला लागलं.

"कल्याणच्या वन्सं असतील!"

उचकी.

"नाही. गावाकडचे चुलते?"

उचकी.

"अहो, कंपनीतला तो जोडीदार, रोज डबा वाटून खायचे तो!"

इथे उचकी क्षणभर थांबली. दिवाणखान्यात टाळ्या वाजल्या. "बघा! बरोब्बर! फोन लावा त्यांना." तेवढ्यात पुन्हा उचकी आली आणि सगळ्या खळखळून हसल्या. "म्हणजे दोघं-तिघं एकदम आठवण काढतायत. साहेब, भारी डिमांड आहे तुम्हाला!"

शिकलेल्या बायका होत्या. त्यांत निवृत्त मुख्याध्यापिका होती, बँकेतली होती, दारावर विज्ञानाच्या क्लासच्या पाट्या लावणाऱ्या होत्या. ज्यांना पॉलिफेनॉल पाठ, त्यांनी एका मधुमेही माणसाची दुपारपासून न थांबणारी उचकी नातेवाइकांवर ढकलून दिली. मला ते ऐकून किळस आली. पण खरं सांगतो, त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. सणाचा दिवस होता आणि त्या माणसावर त्यांचा लोभ होता.

मी भाऊजींजवळ बसलो. पाणी दिलं, ते ओकारीतून बाहेर आलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, कंपनीची गाडी आली का?"

त्यांचे दादा म्हणजे थोरले भाऊ वारून कितीतरी वर्षं झालीत. मी म्हटलं, "भाऊजी, मी आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या नजरेत मी नव्हतोच. "गेट बंद होईल," ते म्हणाले. "मशीनचा पट्टा तुटलाय, सांगा त्यांना." ओठांचा एक कोपरा बारीक थरथरत होता.

मी बाहेर धावलो. ताई एका सवाष्णीला हळदकुंकू लावत होती. मी म्हटलं, "ताई, त्यांना दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

तिनं कपाळावर टेकवलेलं बोट तसंच ठेवून म्हटलं, "पित्त झालं असेल. सकाळपासून धड जेवले नाहीत. त्या पातेल्यातला वाटीभर रस दे, आलं घातलेला. पोट शांत होतं."

मी ओरडलो. इतक्या बायकांत, सणाच्या दिवशी, मोठ्या बहिणीवर मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. काय ओरडलो ते आठवत नाही. एवढं आठवतं की ताईच्या हातातला करंडा खाली पडला आणि कोणीही तो उचलायला वाकलं नाही.

शेजारच्या बाईंनी स्वतःची गाडी काढली. त्या वाण घेऊन निघायच्या बेतात होत्या, तशाच नऊवारीत स्टिअरिंगवर बसल्या. मागे मी आणि ताई, मध्ये भाऊजी. कुठे न्यायचं यावर वाद नको म्हणून त्याच म्हणाल्या, उल्हासनगरला किडनीचं हॉस्पिटल आहे, तिथंच चला. अंबरनाथ मागे गेलं, उल्हासनगरची फर्निचरची दुकानं लागली, भाऊजींची उचकी चालूच. ताई त्यांच्या कानाशी एकेक नाव घेत होती. "अहो, कल्याणच्या आक्का आठवण काढतायत का? गावाकडचे काका? तुमचा तो मित्र?" आता तो खेळ नव्हता. ती देवाची नावं घ्यावीत तशी माणसांची नावं घेत होती. मला तिची दया आली आणि तेवढाच संताप आला. त्या गाडीत दोन्हींना पुरेशी जागा होती.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, सिंधी, हिंदी-मराठी मिसळून बोलणाऱ्या. त्यांनी डोळे तपासले, आधीचे आजार विचारले आणि भराभर प्रश्न केले. "अंकल को नवीन काही गोळी दिली? जडीबुटी, काढा, पावडर, कुछ भी?"

"छे हो," ताई म्हणाली. "आम्ही बाहेरचं काही देत नाही. सगळं घरचं."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मनात तो रस ह्या प्रश्नाच्या उत्तरात बसतच नव्हता. मी म्हटलं, "करमळाचा रस. महिनाभर रोज. आज तर दिवसभर."

"कौनसा फल?"

मला हिंदी नाव आठवेना. गाडीवाल्या बाईंच्या मनगटाला वाणाची पिशवी अजून लटकत होती. त्यांनी ती उघडून पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी वळून आतल्या माणसांना डायलिसिसची तयारी करायला सांगितलं. मग ताईकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द सुटा करून सांगितलं की, हे फळ चांगल्या किडनीच्या माणसाला चालतं. किडनी कमजोर असेल तर ह्यातलं विष बाहेर पडत नाही, डोक्यापर्यंत जातं. ती उचकी म्हणजे त्याची पहिली खूण. फिट्स येऊ शकतात, माणूस जाऊ शकतो. "आंटी, लवकर आणलं म्हणून. सकाळपर्यंत थांबला असता तर मी काही बोलू शकत नव्हते."

ताई भिंतीला टेकली.   मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "तुझा फोन दे. माझा घरी राहिला."

"कोणाला करायचाय?"

"वाण दिलंय मी सगळ्यांना."

दिलेलं वाण परत मागणं म्हणजे काय, हे बायकांना विचारा. ती सौभाग्याची वस्तू असते. ताईनं त्या बाकावर बसून एकेकीला फोन लावला. ज्यांचे नंबर पाठ नव्हते त्यांचे दुसरीकडून घेतले. प्रत्येकीला तेच वाक्य. "मी दिलेलं वाण टाकून द्या. घरात कोणाला किडनीचा त्रास असेल तर एक घोट देऊ नका. माझ्याकडून चूक झालीय." समोरून काय बोललं जात होतं ते मला ऐकू येत नव्हतं, पण एकदा ती म्हणाली, "हो, अशुभ आहे. तरी टाका." आवाज शिक्षिकेचाच होता, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. तिचे डोळे मात्र डायलिसिसच्या खोलीच्या दाराकडे होते.

भाऊजी वाचले. शुद्ध नीट आली, उचकी गेली, पण मूत्रपिंडं होती तिथं परत आली नाहीत. डायलिसिस चालू ठेवावं लागेल, निदान सध्या तरी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ताईनं ते ऐकलं आणि त्यानंतर तिचं बोलणं आटलं. जी बाई फळाच्या बियांपर्यंत बोलायची ती विचारलं तेवढंच उत्तर द्यायला लागली. मला वाटलं होतं की असं झालं तर मला बरं वाटेल. मला मुळीच बरं वाटलं नाही. ते घर मला ओळखू येईना.

मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून प्रत्येकानं फळं आणली. किवी, ड्रॅगन फ्रूट, संत्री, कोणी तर नारळ. किडनीच्या पेशंटला. नर्स ते सगळं मुकाट्यानं बाहेर ठेवत होती. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, नेमकं झालं काय?

कल्याणहून भाऊजींची थोरली बहीण आली. ह्या आक्कांचा स्वभाव कडक. भावाच्या लग्नापासून त्यांचं ताईशी फारसं जुळलेलं नाही, आणि आज त्यांना कारण सापडणार होतं. त्या खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या, भावाच्या हातावरच्या सुया पाहिल्या आणि ताईकडे मान वळवली. "काय खायला घातलंस याला?"

ताई उभी होती. ती म्हणाली, "करमळाचा रस. मी माझ्या हातानं पाजला, आक्का. महिनाभर."

"काय बोलतेस?" पलंगावरून आवाज आला. "मीच चोरून खात होतो."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. आमटीत चिंचेचा कोळ जरा जास्त पडला तर पाण्याचा तांब्या जवळ ओढणारा माणूस हा. आक्कांनाही ते ठाऊक होतं. "तू? आंबट?" त्या म्हणाल्या.

"लागलं आवडायला. टाकीमागं जायचो फिरायला, तिथं पडलेली असायची. खायचो. हिला ठाऊकसुद्धा नाही."

"खोटं बोलतायत," ताई म्हणाली. "नको म्हणायचे, तरी मी पाजायची."

"एक वाटी द्यायची तू. एका वाटीनं कोण मरतं? बाकीची मी खाल्ली."

"अहो, का असं बोलताय?"

"माझं तोंड, मी काय खाल्लं ते मला ठाऊक की तुला?"

धाप लागली तरी ते मागे हटेनात. ती एक पाऊल पुढे आली की हे अर्धवट उठून बसायला बघत. नर्स दारात येऊन उभी राहिली. शिक्षा कोणाला द्यायची ते न कळून आक्का एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या.  ताई माझ्याकडे वळली.

"तू होतास ना तिथं? तू पाहिलंस दुपारपासून. सांग आक्कांना, कोणी पाजलं."

आयुष्यभर मी या बाईला चुकीची ठरवायची संधी शोधत आलो. समोर आक्का बसल्या होत्या, साक्षीला नर्स होती, आणि ती स्वतःच मागत होती. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. काही खूण केली नाही, नुसतं पाहिलं.

"मी बाहेर टीव्ही बघत होतो," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला फसवलं.  

"पुरे झालं आता," भाऊजी तिला म्हणाले. "बस इथं."

त्यांना तिला असं सांगताना मी कधीच ऐकलं नव्हतं. ती बसली.